चौथा माणूस कशाला?

गेल्या रविवारी दादाचा फोन आला. पुतण्याचं एम.एस्सी. फिजिक्स झालंय आणि त्याला आता मेडिकल फिजिक्सचा डिप्लोमा करून पुढे इमेजिंगमध्ये यायचंय, माझ्यासारखं. दादाला ते पटत नाही. "टेक्निशियन स्कॅन काढतो, रेडिओलॉजिस्ट रिपोर्ट देतो, मशीन बिघडलं तर कंपनीचा इंजिनिअर येतो. तिथे चौथा माणूस कशाला लागतो गं?" मागून वहिनी म्हणाल्या, "डॉक्टर नाही, इंजिनिअर नाही. उद्या स्थळं बघताना सांगायचं काय?"

वीस वर्षं मी तो चौथा माणूस आहे, मेडिकल फिजिसिस्ट. पोटाचा एमआरआय हे माझं क्षेत्र. माझ्या सख्ख्या भावाला मी काय करते ते अजून ठाऊक नाही, हे त्या दिवशी लागलं.

दादा, मागच्याच महिन्यातलं सांगते. एका बाईंच्या यकृताचा स्कॅन चालू होता आणि डाव्या भागात गोल, ठळक ठिपका दिसला. स्कॅन काढणाऱ्या टेक्निशियनने मला बोलावलं. ठिपका महाधमनीच्या बरोबर समोर, एका रेषेत होता. महाधमनीत रक्त ठोक्याठोक्याला उसळतं, त्या हालचालीने यंत्राची फसगत होते आणि रक्ताचा सिग्नल भलत्याच जागी उमटतो. आम्ही त्याला घोस्ट म्हणतो. आम्ही फेज एन्कोडिंगची दिशा, म्हणजे ज्या रेषेत अशी भुतं उमटतात ती, उभ्याची आडवी केली, बाईंना पुन्हा अठरा सेकंद श्वास धरायला सांगितला, आणि ठिपका यकृतातून निघून बाजूला जाऊन बसला. खरी गाठ अशी जागा सोडत नाही. हे रेडिओलॉजिस्टलाही ओळखता येतं असं तू म्हणशील, आणि ते खरंच आहे. पण ते भूत यकृतावर पडूच नये म्हणून स्कॅन आधीपासून कसा आखायचा, हे कुणीतरी ठरवून ठेवावं लागतं. मेंदू बिचारा कवटीत स्वस्थ पडून असतो. पोटात श्वासपटल वरखाली होतं, आतडी वळवळतात, हृदय शेजारी धडधडतं. त्यात तीन टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद मोजायचं माप) यंत्रात रेडिओलहरींची लांबी शरीरात पंचवीस-तीस सेंटीमीटरवर येते, म्हणजे जवळपास पोटाएवढीच. पोटात पाणी झालेला रुग्ण असला की चित्राच्या मधोमध काळा डाग पडतो. अशा रुग्णाला दीड टेस्लाच्या यंत्रावर पाठवा, हे आमच्याकडे मी लिहून ठेवलंय.

आपण मिरजेचे. सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा केसभर सरकवत जवारी काढणारे, म्हणजे तारेचा नाद खुलवणारे कारागीर आपण लहानपणापासून पाहिलेत. गवई गातो, साथीदार तंबोरा छेडतो, श्रोते ऐकतात. मग जवारी काढणारा कशाला, असं मिरजेत कुणी विचारलेलं मला आठवत नाही.

आणि हे यंत्र आलं कुठून? मी राहते त्या स्कॉटलंडमधल्या अॅबर्डीनमध्ये १९६५ साली जॉन मॅलर्ड मेडिकल फिजिक्सचे पहिले प्रोफेसर झाले. त्यांच्या गटाने संपूर्ण शरीराचा एमआरआय काढणारं यंत्र बांधलं आणि २८ ऑगस्ट १९८० रोजी जवळच्या फ्रेझरबर्ग गावच्या एका रुग्णाला त्यात झोपवलं. अन्ननलिकेचा कर्करोग, यकृतातले आणि हाडांतले दोष त्या चित्रांत दिसले. बांधणारे मुख्यतः फिजिक्सवाले होते. २००३ साली एमआरआयसाठी वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं ते लॉटरबर आणि मॅन्सफिल्ड यांना. एक रसायनशास्त्रज्ञ, दुसरा भौतिकशास्त्रज्ञ. अॅबर्डीनचं ते जुनं यंत्र इथल्या रुग्णालयाच्या आवारात, फॉरेस्टरहिलला ठेवलंय. हार, म्हणजे इथलं समुद्रावरून येणारं धुकं, पसरलेली असली आणि मन घराकडे ओढ घ्यायला लागलं की मी तिथे जाऊन उभी राहते.

आपल्याकडेही ही परंपरा काही कालची नाही. टाटा मेमोरियल १९४१ साली उघडलं. भाभा अणुसंशोधन केंद्राचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा १९६२ पासून चालू आहे, पुतण्या त्याचीच तयारी करतोय. पण तिथून शिकून निघालेले बहुतेक जण रेडिओथेरपीत जातात, कारण तिथे मेडिकल फिजिसिस्ट ठेवावाच लागतो, तसा अणुऊर्जा नियामक मंडळाचा नियमच आहे. एमआरआयमध्ये तशी किरणं नसतात, त्यामुळे तो त्या नियमाबाहेर राहतो. "रेडिएशन नाही ना? मग धोका कसला?" हे दादाचं पुढचं वाक्य होतं, आणि इथे माझा आवाज चढला.

जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका पालिका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेला बत्तीस वर्षांचा एक नातेवाईक जिवानिशी गेला. मशीन बंद आहे, असं त्याला सांगण्यात आलं होतं, असं तेव्हाच्या बातम्यांत होतं. तो चुंबक बंद नसतोच, दादा. उणे २६९ अंशांच्या द्रवरूप हेलियममध्ये तो रात्रंदिवस, सुट्टीच्या दिवशीही चालू असतो. दीड टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या साधारण तीस हजार पट. सिलिंडर गोळीसारखा आत ओढला जातो. अमेरिकेतही असे बळी गेलेत, २००१ मध्ये सहा वर्षांचा मुलगा, २०२५ मध्ये गळ्यात साखळी घातलेला माणूस. इथे स्कॉटलंडमध्येही एमआरआयसाठी फिजिसिस्ट हवाच असा कायदा नाही. मार्गदर्शक सूचना आहे, आणि रुग्णालयं ती मानतात. तेवढ्यावर माझी नोकरी उभी आहे.

दादा लगेच म्हणाला, "तुमच्याकडे स्कॅनला किती दिवस थांबावं लागतं ते सांग की." त्याचं खरं आहे. आठवडेच्या आठवडे जातात. आईचा स्कॅन मिरजेत, सांगितला त्याच संध्याकाळी झाला.

त्या संध्याकाळबद्दल मी घरात कधी बोलले नाही. मी बाहेरच्या बाकावर होते. आतून यंत्राचा रेकॉर्ड केलेला आवाज इंग्रजीत श्वास घ्यायला, सोडायला, धरायला सांगत होता. आईला एका कानाने कमी ऐकू येतं आणि इंग्रजी येत नाही. ती तिच्या मनाने श्वास घेत राहिली. मी दारातल्या मुलाला म्हटलं, मला आत माइकवर मराठीत सांगू दे, माझं हेच काम आहे, मी फिजिसिस्ट आहे. तो अदबीनेच म्हणाला, "मॅडम, म्हणजे कॉलेजवर शिकवता का? नातेवाइकांनी बाहेरच थांबायचं." चित्रं आली तेव्हा आईच्या यकृतावर तिच्याच श्वासाच्या लाटा पसरल्या होत्या. रिपोर्टात लिहिलं होतं, हालचालीमुळे मर्यादा, गरज वाटल्यास पुन्हा करावा. मी पुन्हा करा म्हणाले नाही. ज्या गावात मी वाढले, तिथे मला नातेवाईक यापलीकडे जागा नव्हती, आणि ती मागायचं धाडस मला झालं नाही.

पुतण्याने नंतर वेगळा फोन केला. "आत्या, तू परत का नाही आलीस?" तिकडे माझ्या कामाची जागाच निघत नाही, हे मी त्याला नेहमीसारखं सांगितलं. मग थांबून पुढचंही सांगितलं. इथे स्कॅनर अडला की मला शोधत येतात, आणि त्याची मला सवय झाली आहे. फिट लाइक, म्हणजे इथल्या बोलीत कसं काय, म्हणत दार उघडून धरणारी माणसं आहेत. तरीही झोपेत मी मिरजेच्या स्टेशनवर उतरते आणि मला घ्यायला कुणी आलेलं नसतं.

त्या रात्री मी फोनवर रेकॉर्ड करून त्याला पाठवलं. "श्वास घ्या. सोडा. पुन्हा घ्या. आता सोडा आणि थांबा, हलू नका." मग अठरा सेकंदांची शांतता, घड्याळ बघून मोजलेली. "आता श्वास घ्या, आजी." स्कॅनरमध्ये असा आवाज भरता येतो, कसा ते त्याला लिहूनही दिलंय. वहिनी म्हणाल्या, दादाने ते दोनदा ऐकलं. त्याचा फोन अजून आलेला नाही.