इलेक्ट्रिक व्हीलचेअर विमानात नेता येते

‘लिथियम बॅटरीच्या व्हीलचेअरला विमानात बंदी आहे, पॅरालिसिस झालेल्यांनी परदेशप्रवास विसरावा’ असा मेसेज फिरतो आहे. तो चुकीचा आहे. चेक-इन सामानात पॉवर बँक टाकता येत नाही, त्या नियमाशी ही गल्लत झाली आहे. खुर्चीत पक्की बसवलेली, नीट संरक्षित बॅटरी खुर्चीसोबतच जाते. काढावी लागणारी लिथियम-आयन बॅटरी मात्र ३०० वॅट-तास क्षमतेपर्यंतचीच चालते आणि ती केबिनमध्ये स्वतःजवळ ठेवायची. (बॅटरीवर वॅट-तासांचा आकडा छापलेला नसेल, तर व्होल्ट गुणिले अँपिअर-तास करून तो काढा.) विमान कंपनीला आधी कळवून मंजुरी घ्या.

खरी धास्ती आहे ती खुर्ची चढवता-उतरवताना मोडण्याची. ती सामान नाही, आमचे पाय आहेत. सोपवण्याआधी फोटो काढा. जॉयस्टिक निघत असेल तर जवळ ठेवा.