महामेरू पुष्प, नागपुष्प आणि आपलं कास

कास पठारावर फुलं आल्याच्या बातम्या सुरू झाल्या की साताऱ्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक जुनाच मेसेज नव्यानं फिरू लागतो. त्यात चार दावे असतात. हिमालयातलं महामेरू पुष्प 400 वर्षांतून एकदा फुलतं. नागपुष्प 36 वर्षांतून एकदा. मादागास्करमध्ये माणूस गिळणारं झाड आहे. आणि आपलं कास सात वर्षांतून एकदाच फुलतं, तेव्हा यंदा चुकवू नका. शेवटी ‘दर्शन घ्या, पुढे पाठवा’. शिकलेली, जाणती माणसंही तो हात जोडून पुढे ढकलतात, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

महामेरूच्या नावानं फिरणाऱ्या फोटोंपैकी उंच, फिक्या पिवळ्या मनोऱ्यासारखी दिसणारी वनस्पती खरीच आहे. तिचं शास्त्रीय नाव रेऊम नोबिले. आपण चुक्याची भाजी खातो, त्याच कुळातली. नेपाळ, सिक्कीम, भूतान, तिबेट या भागात चार हजार मीटरच्या वर ती वाढते आणि माणसाच्या उंचीपर्यंत जाते. जे पिवळट दिसतं ते फूल नव्हेच. ती पातळ, अर्धपारदर्शक पानं आहेत, एकावर एक खाली झुकलेली. खरी फुलं बारीक असतात आणि त्या पानांच्या आड दडलेली असतात. पानं उजेड आत घेतात, अतिनील किरण अडवतात, पाऊस बाहेर ठेवतात. बाहेर बोचरी थंडी असताना आत पॉलिहाऊससारखी ऊब राहते. त्या उबेत एक चिलटासारखी माशी येते, परागीभवन करते आणि तिथंच अंडी घालते. तिच्या अळ्या थोडं बी खातात, उरलेलं रुजतं. एवढं अद्भुत समोर असताना त्याला 400 वर्षांचं ठिगळ कशाला?

त्या आकड्यामागचा घोटाळाही समजून घेऊ. हे झाड कित्येक वर्षं जमिनीलगत पानं वाढवतं, आयुष्यात एकदाच फुलतं आणि बी धरून मरतं. पण डोंगरउतारावर सगळ्या वयाची झाडं असतात, त्यामुळे दर उन्हाळ्यात कुठलं ना कुठलं फुलतंच. एका झाडाचं एकदाच फुलणं वेगळं आणि त्या जातीचं शतकांनी फुलणं वेगळं. हूकर आणि थॉमसन या वनस्पतिशास्त्रज्ञांनी 1855 मध्येच तिचं शास्त्रीय वर्णन छापलं.

नागपुष्पाबद्दल फार बोलायला नको. फोटोत दिसणारी ती नारिंगी, पिसासारखी गोष्ट वनस्पतीच नाही. तो सी पेन नावाचा समुद्रतळावरचा प्राणी आहे, पोवळ्यांचा नातेवाईक. हिमालयाशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

मादागास्करचं झाड ही 1874 मध्ये न्यूयॉर्क वर्ल्ड या वर्तमानपत्रानं छापलेली बनावट कथा. माणूस खाणारी एकही वनस्पती जगात नाही. बोर्निओतल्या मोठ्या घटपर्णीच्या पेल्यात क्वचित एखादा उंदीर बुडून मरतो, त्यापलीकडे मजल नाही. किडे खाणाऱ्या वनस्पती मात्र आहेत, आणि त्या बघायला मादागास्कर कशाला, घाटाईच्या वाटेनं कासवर गेलं तरी पुरे. कासच्या जांभ्यावर मातीचा थर पातळ आणि त्यात नत्र तुटपुंजं. ती तूट दवबिंदू नावाचं इवलं रोप किड्यांवर भागवतं. गुडघे टेकून बघा: बोटाच्या पेरापेक्षा लहान पान, त्यावर तांबडे केस, प्रत्येकाच्या टोकाला चिकट थेंब. चिलट त्यावर बसलं की सुटत नाही, आणि आजूबाजूचे केस सावकाश त्याच्यावर वळतात. शेजारी सीतेची आसवं नावाची जांभळी फुलं डोलत असतात. त्यांचे सापळे ओल्या मातीत असतात, डोळ्याला जेमतेम दिसतील एवढ्या पिशव्या. सूक्ष्म जीवाचा धक्का लागताच दार उघडतं आणि पाण्यासकट तो आत ओढला जातो.

राहिला चौथा दावा, आणि आपल्यासाठी हाच सगळ्यात घातक. सात वर्षांचा हिशोब टोपली कारवी या झुडपाचा आहे, पठाराचा नाही. सात वर्षांनी ती सगळी एकदम फुलते, बी धरते आणि वाळते. एकाच वेळी एवढं बी पडलं की खाणाऱ्यांना ते संपवता येत नाही, हे एकगठ्ठा फुलण्यामागचं एक कारण मानलं जातं. बाकीचं कास दरवर्षी ऑगस्ट ते ऑक्टोबर रंग बदलत असतं. ‘यंदा नाही तर सात वर्षं नाही’ म्हटलं की एकाच रविवारी गाड्यांची रांग लागते, लोक वाट सोडून सेल्फीसाठी आत घुसतात, आणि बुटाखाली जातं ते दवबिंदूच. 2012 पासून हे पठार पश्चिम घाटाचा भाग म्हणून जागतिक वारसा यादीत आहे. तुडवलेली पातळ माती त्या यादीनं परत येत नाही.

दादा, ताई, ग्रुपवर काही पाठवायचंच असेल तर वायतुरा पाठवा. सड्यावरच्या, म्हणजे कातळी पठारावरच्या, पावसाळी डबक्यात उगवणारी, दुहेरी तुऱ्याची ही पाणवनस्पती पाणी आटलं की कंदाच्या रूपानं चिखलात दडून राहते. सह्याद्रीतले मोजके सडे सोडले तर ती जगात कुठंही नाही, आणि तिच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे: अपोनोजेटॉन सातारेन्सिस. तिचा फोटो पाठवताना आकडा जोडायची गरज नाही. फक्त जागेचं लोकेशन टाकू नका.