उपग्रहाला दिसली म्हणून गळती थांबत नाही

‘आता आकाशातून सगळं दिसतं. कोण किती मिथेन सोडतं ते उपग्रहच सांगतात. लपवाछपवी संपली आणि बातमीदारांची गरजही संपली.’ या आशयाचा मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. (मिथेन म्हणजे पृथ्वीचं तापमान वाढवणारा वायू.) उपग्रहांचं कौतुक मलाही आहे, पण हा दावा टिकत नाही.

‘सगळं दिसतं.’ नाही दिसत. मिथेन मोजणारे बहुतेक उपग्रह जमिनीवरून परतलेला सूर्यप्रकाश टिपतात आणि त्यातला डोळ्यांना न दिसणारा अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश मिथेनने किती शोषला ते पाहतात. त्यामुळे रात्री काम बंद, ढग आले की बंद, समुद्रावरही अडचण. युरोपच्या सेंटिनेल-५पी उपग्रहावरचं ट्रोपोमी हे उपकरण जवळजवळ सगळी पृथ्वी रोज पाहतं, पण त्याच्या चित्रातला एकेक चौकोन सुमारे ७ बाय ५.५ किलोमीटरचा. एवढ्या जागेत तेलविहिरी, कोळसा खाण आणि कचराडेपो शेजारी शेजारी असू शकतात. जीएचजीसॅट या कंपनीचे उपग्रह २५ मीटरपर्यंत बारीक पाहतात खरे, पण नेमून दिलेल्या जागीच. शिवाय यंत्रं बिघडतात. मार्च २०२४ मध्ये सोडलेल्या मिथेनसॅट या मिथेन मोजणाऱ्या उपग्रहाचा संपर्क जून २०२५ मध्ये कायमचा तुटला.

‘चित्रच पुरावा.’ मिथेनला रंग नसतो. चित्रातला लालपिवळा लोळ संगणकावर रंगवलेला असतो. त्यावरून ताशी किती टन वायू सुटतोय हे काढायला वाऱ्याचा वेग लागतो, आणि तो अंदाज चुकला की आकडाही चुकतो. उपग्रहाच्या एका फेरीतल्या मापाला गुणून वर्षाचा आकडा काढणं तर घोडचूक, मग ती बातमीदाराने केलेली का असेना.

‘दिसलं की थांबतं.’ माझा खरा आक्षेप इथे आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने उपग्रहांच्या आधारे सरकारांना आणि कंपन्यांना मोठ्या गळत्यांचे इशारे पाठवायला सुरुवात केली. २०२४ च्या अहवालानुसार दोन वर्षांत १,२०० हून अधिक इशारे गेले, आणि उत्तरं आली जेमतेम १ टक्क्याला! पुढच्या वर्षी हे प्रमाण १२ टक्क्यांवर गेलं. अल्जीरियात हासी मसूद या तेलक्षेत्रात १९९९ पासून चालू असलेली गळती अशाच पाठपुराव्यातून बंद झाली, हेही सांगायलाच हवं. पण बाकीच्यांनी साधी पोचही दिली नाही.

‘बातमीदारांची गरज संपली.’ कझाकस्तानात जून २०२३ मध्ये तेल-वायूच्या एका विहिरीचा स्फोट झाला. आग सहा महिने धुमसत राहिली. या काळात उपग्रहांनी मिथेनचे लोळ शंभराहून अधिक वेळा टिपले. शास्त्रज्ञांच्या हिशेबाने सुमारे १,२७,००० टन मिथेन हवेत गेला. ‘बीबीसी व्हेरिफाय’ या बीबीसीच्या पडताळणी करणाऱ्या बातमीदारांच्या गटाने फेब्रुवारी २०२४ मध्ये हा हिशेब लोकांसमोर आणला. एका संस्थेचं विश्लेषण दुसऱ्या शास्त्रज्ञांनी पडताळलेलं होतं. विहीर चालवणाऱ्या कंपनीने मोठी गळती झाल्याचं साफ नाकारलं, तेही बातमीत छापलं गेलं. जगातल्या बहुतेकांनी त्या विहिरीबद्दल पहिल्यांदा ऐकलं ते तेव्हा, म्हणजे विहीर बंद होऊन गेल्यावर.