साडूभाऊंची गोळी

१००० यार्डांवरून, म्हणजे ९१४ मीटरवरून, कागदावरच्या दहा इंची वर्तुळात गोळी बसवण्याचा छंद माणसाला शांत करतो असं जाणकार सांगतात. त्या जाणकारांना साडू नसावा.

मला आहे. साडूभाऊ कोल्हापूरचे, मी अकोल्याचा, आणि आमच्या बायका साताऱ्याच्या सख्ख्या बहिणी. दोघंही नोकरीच्या निमित्ताने ॲरिझोनात, फिनिक्सला येऊन पडलो आणि ज्या वयात सज्जन माणसं गुडघ्यांसाठी योगवर्गाला नाव घालतात त्या वयात वाळवंटात पालथे पडून रायफल चालवायला लागलो. कोणी कोणाचं पाहून सुरू केलं, हा विषय जेवणाच्या टेबलावर काढायचा नाही, असा दोन्ही बहिणींचा हुकूम आहे.

गावाकडे आमचा बंदुकीशी संबंध जत्रेतले फुगे फोडण्यापुरता. पण साडूभाऊंच्या मते नेमबाजी कोल्हापूरच्या पाण्यातच आहे. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून मारण्यात, विश्वविजेती झाली, हा त्यांचा पहिला पुरावा. २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्य घेतलं, त्या दिवसापासून तर साडूभाऊ स्वतःच पदक घेऊन आल्यासारखे वावरतात. मी एकदा म्हटलं, "अहो, ते ५० मीटरवर दुर्बिणीशिवाय मारतात. आपण दुर्बीण लावून, टेकू घेऊन मारतो. दोन्हींचा काय संबंध?"

"पाणी तेच," साडूभाऊ म्हणाले.

आमच्या प्रकाराला एफ-क्लास म्हणतात. हा एफ जॉर्ज फार्कर्सन या कॅनडातल्या नेमबाजाच्या नावातला. जुनी पद्धत अशी, की पालथं पडायचं, दंडाला पट्टा आवळायचा आणि उघड्या डोळ्याने नेम धरायचा. वय झालं, डोळे-खांदे ऐकेनासे झाले, की घरी बसायचं. फार्कर्सन घरी बसायला तयार नव्हते. दुर्बीण लावू द्या, पुढे टेकू द्या, हे त्यांनी लावून धरलं. अशी म्हाताऱ्यांची सोय म्हणून निघालेल्या खेळात आता पंचविशीतली पोरं येऊन आम्हाला धूळ चारतात, ते सोडा.

आम्ही दोघं त्यातल्या एफ-टीआर गटात. काडतूस .२२३ नाहीतर .३०८, एवढंच. रायफल, दुर्बीण आणि बायपॉड, म्हणजे दोन पायांचा टेकू, मिळून वजन सव्वाआठ किलोच्या आत. शेजारी एफ-ओपनवाले असतात. त्यांना दहा किलोची मुभा आणि काडतुसांची चैन. ते आम्हाला गरीब समजतात, आम्ही त्यांना आळशी. आणि दोघं मिळून ६.५ क्रीडमूरवाल्यांची टर उडवतात. २००७ साली आलेलं हे काडतूस वाऱ्याला कमी बधतं, खांद्याला धक्का कमी देतं. म्हणजे त्यात खोड काढायला जागा नाही. म्हणून मग ते वापरणारे केसांचा अंबाडा बांधतात, अशी थट्टा अमेरिकाभर चालते. आमच्यातल्या एका पूर्ण टक्कल पडलेल्या गृहस्थांनी ही रायफल घेतली, तेव्हा त्यांनाही कोणीतरी केसांना लावायचं रबर भेट दिलं.

खरं भांडण वाऱ्याशी. गोळी कागदापर्यंत पोचायला दीडेक सेकंद घेते. तेवढ्यात ताशी एक मैलाचा आडवा वारा तिला सात-आठ इंच ढकलतो, आणि दहाच्या वर्तुळाची त्रिज्या पाच इंच. म्हणजे गालालाही कळणार नाही अशी झुळूक तुमच्या दहाचे नऊ करते. मैदानावरचे झेंडे एक सांगतात, दुर्बिणीतून दिसणारं मृगजळ दुसरंच सांगतं. मृगजळ उजवीकडे धावत असेल तर वारा डावीकडून. ते सरळ वर उकळायला लागलं, की वारा एकतर पडलाय नाहीतर कूस बदलतोय. तेव्हा शहाण्याने ट्रिगरवरचं बोट काढून घ्यावं. अकोल्यात मे महिन्याच्या दुपारी डांबरी रस्त्यावर हेच बघत मी लहानाचा मोठा झालो, आणि कोल्हापूरच्या पाण्याला उत्तर म्हणून हे ऊन मी साडूभाऊंपुढे टाकलं.

"मग इतकी वर्षं बघून," ते म्हणाले, "गोळ्या डावीकडेच का जातात तुमच्या?"

काडतुसं आम्ही घरी भरतो. पितळी कवचं वजनाप्रमाणे निवडायची, बारूद असं तोलायचं की एक कण कमी-जास्त झाला तरी तराजूचा आकडा हलावा. एक ग्रेन म्हणजे जेमतेम ६५ मिलिग्रॅम, आणि आम्ही भांडतो ते त्याच्या पन्नासाव्या भागावरून. बायको दारात उभी राहून बघते. "आमटीत मीठ दुप्पट पडलं तरी कळत नाही ह्यांना," एवढंच म्हणते आणि जाते. गॅरेजमधलं हे काम दार लावून करायचं असतं, कारण साडूभाऊ 'सहज' येतात. गणपतीत पंगतीला शेजारी बसले, मोदकावर तूप घेतलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "काय, किती ग्रेन भरताय हल्ली?"

"मॅन्युअलमध्ये दिलंय तेवढीच."

"मीपण."

पुढे दोघंही बराच वेळ मोदकाच्या पाऱ्यांबद्दल बोललो.

इथवर सगळं कुठल्याही छंदात चालतं. या खेळाची खरी खोच पुढेच आहे. इथे शत्रूला नुसतं हरवून भागत नाही, आधी त्याची चाकरी करावी लागते. एका टार्गेटवर तिघं असतात. एक मारतो, दुसरा त्याच्या मागे बसून गुण लिहितो, तिसरा ९१४ मीटर पलीकडे खंदकात उभा राहून टार्गेट ओढतो. मग पाळ्या बदलतात. बहुतेक वेळा आयोजक आम्हा दोघांना एकाच टार्गेटवर टाकतात, नातेवाईक आहेत, गप्पा मारतील, अशा सद्भावनेने.

खंदकातली पाळी ज्याने केली नाही त्याने मत्सरावर बोलू नये. भिंतीआड उभं राहायचं, मान वर करून. डोक्यावरच्या कागदातून गोळी जाते तेव्हा कानाशी चटका वाजतो. लगेच साखळीला लोंबकळून टार्गेट खाली ओढायचं. नवं भोक शोधायचं. त्यात गोल चकती अडकवायची, म्हणजे तिकडे मारणाऱ्याला ती दुर्बिणीतून दिसते. जुन्या भोकावर चिकटपट्टी लावायची, गुण दाखवणारी दुसरी चकती कडेला टांगायची, आणि टार्गेट पुन्हा वर. हे सगळं आठ-दहा सेकंदांत, ४० अंशांच्या उन्हात, आणि कोणासाठी? तर साडूसाठी. त्याची गोळी पाच इंची एक्समध्ये, म्हणजे दहाच्या वर्तुळातल्या मधल्या वर्तुळात (गुण दहाच, मान मोठा), बसलेली पहिल्यांदा मला दिसते. त्या भोकात चकती माझ्या हाताने बसवायची. ती साडूभाऊंना दिसते तेव्हा ते तिकडे हसले असणार, हे मला इकडे खंदकात कळतं.

गोळी वरच्या वर्तुळाच्या रेषेला नुसती शिवली तरी वरचा गुण द्यायचा, असा नियम. साडूभाऊंची गोळी रेषेवर असली की मी चष्मा पुसतो, वाकून बघतो, भिंग मागवतो. अखेर दहाच द्यावे लागतात. एकदा तर मी इतका वेळ न्याहाळत होतो, की रेडिओवरून सूचना आली, टार्गेट लवकर वर पाठवा. कारण टार्गेट खाली असतानाच वारा बदलतो आणि मारणाऱ्याचा सगळा हिशोब कोसळतो. कूर्मगतीने टार्गेट ओढणं हे आमच्या खेळातलं अण्वस्त्र आहे. ते कोणी वापरत नाही, कारण तासाभराने तोच माणूस आपलं टार्गेट ओढायला खंदकात उतरणार असतो.

मागे बसून गुण लिहिणं त्यापेक्षा सभ्य, म्हणून जास्त त्रासाचं. साडूभाऊ माझे गुण लिहितात तेव्हा प्रत्येक आकडा मोठ्याने म्हणतात, म्हणावाच लागतो. पण "दहा" ते असं म्हणतात, जणू बँकेने चुकून कोणाच्या खात्यात जमा केलेत. "नऊ" मात्र हळुवार असतो. "आठ" आला तर आधी एक उसासा, मग आठ, मग "असू दे." त्या असू दे-नंतर माझी पुढची गोळी कधीच जागेवर जात नाही, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. उलट माझी लिहायची पाळी असते तेव्हा मी नियमाबाहेर एक शब्द बोलत नाही. फक्त पेन्सिलला टोक करतो. जरा जोरात.

मारून झाल्यावर मंडळी गाडीच्या सावलीत बसतात आणि दुसरी स्पर्धा सुरू होते. या मैदानावर आजवर एकाही माणसाकडून नेम चुकलेला नाही. एकाचं बारूद उन्हात तापलं होतं. एकाच्या दुर्बिणीची चकती एक टिचकी पुढे गेली होती. एकाच्या शेजारी मारणाऱ्याच्या रायफलीची हवा कानावर येत होती. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण आमच्याकडे अंगण वाकडं असल्याचे आलेख काढून आणतात, टॅब्लेटवर, रंगीत.

या बैठकीत नवा माणूस आला की साडूभाऊ १८७४चा किस्सा सांगतात. आयर्लंडच्या संघाने अमेरिकेला आव्हान दिलं होतं. २६ सप्टेंबरला न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर क्रीडमूरच्या मैदानात सामना झाला, ८००, ९०० आणि १००० यार्डांवर. आयरिश लोकांच्या रायफली तोंडाकडून भरायच्या, अमेरिकनांच्या मागून. शेवटचा बार कर्नल बोडाइन यांचा. त्याआधीच त्यांच्या हातात बाटली फुटून हात कापला होता. रक्ताळलेल्या हाताने त्यांनी नेम साधला आणि अमेरिका ९३४ विरुद्ध ९३१ अशी जिंकली. पण साडूभाऊंचा नायक बोडाइन नाही. त्यांचा आवडता माणूस आयर्लंडचा मिल्नर. याने गोळी बरोबर मधोमध मारली होती, फक्त शेजारच्या टार्गेटवर. मधल्या खुणेला तेव्हा चार गुण होते, मिल्नरला मिळालं शून्य, आणि सामना गेला तीन गुणांनी. "दीडशे वर्षं झाली," साडूभाऊ मांडीवर थाप मारून म्हणतात, "पण माणूस विसरला जात नाही. स्वतःचं टार्गेट ओळखता येत नाही त्याने गोट्या खेळाव्यात!"

तर गेल्या हिवाळ्यातल्या एका शनिवारी आम्हाला शेजारशेजारच्या टार्गेटवर, एकाच पाळीत टाकलं. वारा सकाळी गुणी होता, मग बिघडला. मी एक गोळी सोडली. ती सुटताक्षणी झेंडा आडवा झाला, म्हणजे आठ, हे मला कळून चुकलं. टार्गेट खाली गेलं आणि वर यायलाच तयार नाही. मग रेडिओवर खंदकातून आवाज आला, या टार्गेटवर दोन भोकं आहेत.

एक आठात. दुसरं एक्सच्या ऐन मध्यात.

तिकडे साडूभाऊंचं टार्गेट ढिम्म. त्यांच्या स्कोअररने ते खाली घेऊन तपासायला सांगितलं. ते गेलं, आलं. नवं भोक नाही. अशा वेळी नियम स्पष्ट आहे. ज्याच्या टार्गेटवर दोन भोकं सापडतील त्याला वरचा गुण, ज्याची गोळी परक्या घरी गेली त्याला शून्य. नियमापुढे माझा नाइलाज होता. मी एक्स घेतला.

साडूभाऊ रायफलवरून मान न उचलता म्हणाले, "वाऱ्याने ओढली."

"शेजारच्या टार्गेटच्या मधोमध?"

"झुळूक होती."

निकालात मी चार गुणांनी पुढे होतो. संध्याकाळी त्यांच्याकडेच जेवण होतं, पांढरा रस्सा. बातमी आमच्या आधी पोचली होती. ताईंनी वाढता वाढता हिशोब मांडला, "म्हणजे ह्यांचे दहा गेले आणि भावोजींचे दोन वाढले. बाराचा फरक. तसं धरलं तर ह्यांनीच जिंकायला हवं होतं, आठ गुणांनी."

"तसं धरत नाहीत," मी म्हटलं.

"पण एक्स कोणी मारला?" साडूभाऊंनी वाटी खाली ठेवली. "गोळी माझी, बारूद माझं, नेम माझा."

"टार्गेट माझं."

"टार्गेट क्लबचं!"

माझी बायको म्हणाली, "भाऊजी, ते दीडशे वर्षांपूर्वीचे कोण हो? मिल्नर का?" आणि साडूभाऊंनी रस्सा वाढून घेतला, जो त्यांच्या ताटात आधीच होता.

घरी परतताना गाडीतच फोन वाजला. साडूभाऊंनी दीड डॉलरची मागणी पाठवली होती. खाली लिहिलं होतं: 'एक काडतूस, .३०८, हाताने भरलेलं. एक्समध्ये पोचवलं. पोचवणावळ माफ.'

मी ती नाकारली. माल मी मागवला नव्हता.