नऊशेला घेतलेला शेअर आयपीओत पाचशेला: एका तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुम्ही आम्हाला एक तारा दिलात. तुमचं म्हणणं असं, की टाटा टेक्नॉलॉजीजचे शेअर आयपीओच्या, म्हणजे कंपनीने लोकांना पहिल्यांदा शेअर देऊ करण्याच्या, आधी आम्ही तुम्हाला ९००च्या आसपास विकले आणि तेच नंतर लोकांना ५००ला मिळाले. लिस्टिंगच्या, म्हणजे शेअर बाजारात खुला होण्याच्या, दिवशी भाव चढला तेव्हा तुम्हाला विकता आले नाहीत. आमचं कमिशन लपवलेलं होतं. आणि जे काम अ‍ॅपवर एका क्लिकवर होतं, त्याला आम्ही तीन दिवस लावले. उत्तर सगळ्यांसमोर देतोय, कारण हेच प्रश्न घेऊन आमच्या ऑफिसात सतत कुणी ना कुणी येतं. तुमचे शेअर किती, डीमॅट कुठे, कागदावर काय लिहिलंत, यातलं काहीही इथे मांडणार नाही. ती माहिती तुमची आहे.

आधी भाव. मार्च २०२३ मध्ये कंपनीने आयपीओचा मसुदा सेबी या बाजार नियामकाकडे दिला आणि या शेअरसाठी रांग लागली. २००४ साली टीसीएस बाजारात आली, त्यानंतरचा टाटा समूहाचा हा पहिला आयपीओ. त्यात कंपनी हिंजवडीची, म्हणजे पुणेकरांच्या ओळखीची. घेणारे भरपूर, शेअर विकायला काढणारे थोडे. अनलिस्टेड, म्हणजे लिस्टिंग न झालेल्या, शेअरचा भाव एक्स्चेंजवर (शेअर बाजारात) ठरत नाही, घेणारा आणि देणारा ज्या आकड्यावर राजी होतात तोच त्या दिवसाचा भाव. आयपीओचा भाव ठरवतात ती माणसंच वेगळी: कंपनी, हिस्सा विकणारे मोठे भागधारक आणि आयपीओ हाताळणारे मर्चंट बँकर. मोठ्या संस्था किती मोजायला तयार आहेत ते बघून ते भावाचा पट्टा ठरवतात, आमच्या बाजारात काय चाललंय त्याला ते बांधील नसतात. इथे पट्टा आला ४७५ ते ५००. तो आकडा जाहीर झाल्यावर तुमचा जीव किती खाली गेला असेल ते मला माहीत आहे, त्या दिवशी आमचे फोन थांबत नव्हते.

पण ‘लोकांना ५००ला मिळाले’ हे वाक्य अर्धं आहे. किरकोळ अर्जदाराचा लॉट, म्हणजे कमीत कमी अर्ज, ३० शेअरचा होता, १५,००० रुपयांचा. इश्यू सुमारे ६९ पट भरला, किरकोळ कोट्यातच १६ पटींहून जास्त अर्ज आले. त्यामुळे बहुतेकांच्या हाती काहीच लागलं नाही, ज्यांचा नंबर लागला त्यांना ३० शेअर. म्हाडाच्या सोडतीत घर लागलेल्याचा दर आणि त्याच रस्त्यावर बाजारभावाने फ्लॅट घेणाऱ्याचा दर वेगळा असतो, म्हणून दुसऱ्याला कुणी फसवलं असं होत नाही. तुम्हाला ठरावीक संख्येने शेअर हवे होते आणि नक्की हवे होते. सोडतीत ती खात्री कुणीच देऊ शकत नाही.

आता लॉक-इन, म्हणजे ठरावीक काळ शेअर विकायची बंदी, तुमच्या तक्रारीतला सगळ्यात दुखरा भाग. ३० नोव्हेंबर २०२३ ला शेअर १,२०० वर उघडला आणि १,३०० च्या वर बंद झाला. तुम्ही पडद्यावर तो भाव बघत होता आणि तुमचे शेअर गोठलेले. हा नियम सेबीचा आहे: प्रवर्तक सोडून इतरांनी आयपीओच्या आधी घेतलेले शेअर, वाटपाच्या तारखेपासून सहा महिने बाजारात विकता येत नाहीत. ऑगस्ट २०२१ च्या आधी हीच मुदत एक वर्षाची होती. हे आमच्या व्यवहाराच्या मराठी कागदावर पहिल्याच पानावर, भावाच्या खाली छापलेलं असतं आणि त्या ओळीशेजारी वेगळी सही घेतल्याशिवाय आम्ही पैसे स्वीकारत नाही. मे २०२४ अखेर कुलूप उघडलं तेव्हा भाव हजाराच्या थोडा वर होता. तुमच्या खरेदीपेक्षा जास्त, पण तुम्ही पाहिलेल्या १,३००पेक्षा बराच कमी. म्हणूनच लिस्टिंगच्या दिवशी विकून मोकळं व्हायचंय असं कुणी म्हणालं, की मी त्याला अनलिस्टेड शेअर घेऊच नका म्हणून सांगतो. तो माणूस आयपीओत अर्ज करणारा आहे.

आणि इथे नफा झाला म्हणून नेहमी होतो असंही नाही. एचडीबी फायनान्शियलचा अनलिस्टेड भाव १,२००च्या वर गेला होता, जून २०२५ मध्ये आयपीओ आला ७०० ते ७४० ला आणि शेअर उघडला ८३५ ला. पेटीएमचं तर आयपीओचंच गणित फसलं: नोव्हेंबर २०२१ मध्ये २,१५०ला दिलेला शेअर पहिल्याच दिवशी २७ टक्के खाली बंद झाला. ही उदाहरणं आमच्या भिंतीवर लावलेली आहेत, ऑफिसात येणाऱ्या प्रत्येकाला दिसतील अशी.

कमिशनचं थोडक्यात सांगतो. आम्ही कमिशन घेत नाही, स्वतः विकत घेऊन विकतो. खरेदी-विक्रीतला फरक ही आमची कमाई. कागदावर लिहिलेल्या भावाच्या वर तुमच्याकडून एक रुपयाही गेलेला नाही.

तीन दिवस का लागले? तुमची सीएमआर कॉपी (डीमॅट खात्याच्या तपशिलाचा कागद) तपासणं, आयसिन (शेअरचा ओळख क्रमांक) जुळवणं, पैसे तुमच्याच नावाच्या खात्यातून आलेत ना हे बघणं, मग डीआयएस स्लिप (शेअर हलवायची लेखी सूचना) भरून ऑफ-मार्केट, म्हणजे एक्स्चेंजबाहेर, ट्रान्सफर. शेअर तुमच्या डीमॅटमध्ये दिसेपर्यंत मला चैन पडत नाही, कारण या व्यवहाराला एक्स्चेंजची हमी नसते. समोरच्याने शेअर दिलेच नाहीत तर दाद कोर्टात मागायची. अ‍ॅपवरच्या ‘एका क्लिक’बद्दल सेबीने डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर इशारा दिला, की असे अनधिकृत ऑनलाइन मंच कायद्यात बसत नाहीत. त्यातल्या काहींवर प्रायव्हेट लिमिटेड स्टार्टअपचे शेअरही दिसतात. कृपया त्यांच्यापासून तरी लांब राहा. प्रायव्हेट कंपनीत भागधारकांची मर्यादा साधारण २०० असते आणि शेअर हस्तांतरावर तिच्या नियमावलीतच बंधनं असतात. पैसे गेले आणि नाव लागलंच नाही, अशी वेळ येऊ शकते. आम्ही फक्त पब्लिक लिमिटेड कंपन्यांचे, डीमॅटमधले शेअर देतो. टाटा टेक्नॉलॉजीजही लिस्टिंगआधी तशीच होती.

एक काम मात्र लक्षात ठेवा. या विक्रीवरच्या कराबद्दल पुढे विचारणा झाली तर खरेदीचा भाव आणि तारीख तुम्हाला दाखवावी लागेल, आणि एक्स्चेंजवरच्या खरेदीला ब्रोकर देतो ती कॉन्ट्रॅक्ट नोट (व्यवहाराचा पुरावा) या खरेदीला नसते. आमचा व्यवहाराचा कागद आणि बँकेची नोंद एवढाच पुरावा. कागद सापडत नसेल तर ओळखपत्र घेऊन ऑफिसात या, दुसरी प्रत लगेच देतो. तुमच्या सीएंना बोलायचं असेल तर त्यांनाही सोबत आणा.