पाणी मारायचं कोण दाखवणार?

"भाऊ, टीव्हीमा तं दोन दिनमा सगळं व्हई जास!" जळगावपासून नंदुरबारपर्यंत असा एक मिस्त्री नसेल ज्याने घर-दुरुस्तीचे परदेशी कार्यक्रम बघणाऱ्या मालकाकडून हे ऐकलेलं नाही, आणि ऐकल्यावर ज्याच्या डोक्यात तिडीक गेली नाही. होतं ना दोन दिवसांत. कॅमेरा बंद ठेवला की काहीही दोन दिवसांत होतं. बाथरूम फोडलं, जाहिरात लागली, जाहिरात संपली तर टाइल्स बसलेल्या, सांधे भरलेले आणि आरशापाशी मेणबत्ती पेटलेली. अरे, मधले दिवस कुठे गेले? घर टिकतं की गळतं, हे त्या मधल्या दिवसांत ठरतं आणि नेमकं तेच कापून टाकलेलं!

बरं, हे चॅनेलवाले पहिल्यापासून असे नव्हते, म्हणून जास्त राग येतो. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या नॉक्सव्हिलहून 30 डिसेंबर 1994 ला एचजीटीव्ही सुरू झालं, तेव्हा विषय घर आणि बाग आणि धाटणी शिकवणीची: हे असं कापा, हे असं लावा, हे असं लावाल तर पडेल. 1999 मध्ये त्यांनी हातकामासाठी डीआयवाय नेटवर्क नावाचं वेगळं चॅनेलही काढलं. पण त्याच वर्षी 'हाउस हंटर्स' आलं. तीन घरं बघायची आणि एक निवडायचं. ना करवत, ना थापी, आणि धो धो चाललं. 2012 मध्ये तर बाहेर आलं की त्यातल्या मंडळींचा घराचा व्यवहार शूटिंगआधीच जवळपास उरकलेला असतो, आणि बाकीची दोन घरं नुसती दाखवायला. तरी कार्यक्रम बंद झाला नाही.

टीएलसी या दुसऱ्या चॅनेलची गत तर आणखी न्यारी. त्याचं मूळ 1972 मधलं, नासा आणि तिथल्या सरकारी शिक्षण-आरोग्य खात्याने उपग्रहावरून शिकवण्यासाठी उभं केलेलं. 1991 मध्ये ते डिस्कव्हरीकडे गेलं आणि 2000 मध्ये तिथे 'ट्रेडिंग स्पेसेस' आलं. शेजाऱ्यांनी एकमेकांची खोली बदलायची, मुदत दोन दिवस, बजेट 1000 डॉलर. दोन दिवसांचं भूत तिथे थैमान घालत होतं. एका भागात डिझायनर बाईंनी दिवाणखान्याच्या भिंतीला चक्क गवत चिकटवलं. सातपुड्यातला माणूस कुडाच्या भिंतीला निदान शेणामातीने लिंपतो तरी! आपल्याकडे 2004 मध्ये आलेल्या डिस्कव्हरी ट्रॅव्हल अँड लिव्हिंगचं 2010 मध्ये टीएलसी झालं. एफवायआय टीव्ही 18 हे चॅनेल 2016 मध्ये आलं, 2020 मध्ये गुंडाळलं. आणि ते हातकामाचं डीआयवाय नेटवर्क? जानेवारी 2022 मध्ये त्याची पाटी उतरवून तिथे मॅग्नोलिया नेटवर्क लावलं, 'फिक्सर अपर'वाल्या नवरा-बायकोचं. शिकवणारं चॅनेल गेलं, सजवणारं आलं. ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामकाचे, नवे दर 2019 मध्ये लागू झाले तेव्हा पहिल्या 100 चॅनेलांचे 130 रुपये आणि वर जीएसटी, म्हणजे 153 रुपये 40 पैसे नुसते तारेचे. सशुल्क चॅनेलांचे वेगळे मोजायचे. त्यात एखादं तास-दीड तासाचं साधं प्लंबिंग दाखवायला काय जातं?

आता कापलेल्या दिवसांचा हिशेब घ्या. पाणी मारणं. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन घट्ट होतं. भुसावळात मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असतो, त्यात गरम वारा. स्लॅब ओतल्यावर तासा-दोन तासांत वरचं पाणी उडतं आणि नकाशासारख्या बारीक तडा पडतात. त्या तडांतून पावसाळ्यात पाणी उतरतं, सळई गंजते, गंजलेली सळई फुगते आणि खालचं काँक्रीट खपल्यांनी पडतं. काँक्रीटचं भारतीय मानक आयएस 456 साध्या ओपीसी सिमेंटला किमान 7 दिवस सांगतं, राख मिसळलेल्या पीपीसीला किमान 10, कोरड्या उष्ण हवेतही 10 पेक्षा कमी नाही, आणि पीपीसी असेल तर 14 पर्यंत न्या म्हणतं. दुकानातून आणलेल्या गोणीवर पीपीसी छापलंय का ते आधी वाचा. स्लॅबवर सिमेंट-वाळूच्या मसाल्याचे छोटे बांध घालून आळी करा आणि इंच-दोन इंच पाणी उभं ठेवा. कॉलमला गोणपाट गुंडाळा आणि ते कायम ओलं ठेवा; सकाळ-संध्याकाळ पाइपने नुसता शिडकावा मारून दुपारी कोरडं पडू देणं म्हणजे पाणी मारणं नव्हे. हे 14 दिवस टीव्हीवर कधी दिसले? तिकडे अमेरिकेत लाकडी सांगाड्याची घरं. त्यांना पाणी मारायचंच नसतं, म्हणून ते दाखवत नाहीत, आणि आपला मालक समजतो की मिस्त्री रोज लांबवतोय.

बाथरूमचं तसंच. जुना गिलावा विटेपर्यंत खरवडायचा, कोपऱ्यांत मसाल्याची गोलाई घ्यायची, नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे पाणी जायच्या जाळीखालच्या भांड्याच्या, भोवतीचं भोक न आकसणाऱ्या ग्राउटने भरायचं, मग वॉटरप्रूफिंगचे दोन हात, पहिला आडवा आणि वाळल्यावर दुसरा उभा. भिंतीवर निदान फूटभर चढवायचे, शॉवरखाली डोक्याच्या उंचीपर्यंत. मग ट्रॅपला बूच मारून 48 तास पाणी भरून ठेवायचं आणि खालच्या खोलीचं छत बघायचं. त्यानंतर भराव आणि टाइल्स. उतार 80 ला 1, म्हणजे दीड मीटर लांबीला जेमतेम 2 सेंटिमीटर. एवढा उतार चुकला की पाणी दाराशी साचतं आणि चौकट कुजते. टाइल बसल्यावर नाण्याने वाजवून बघा. पोकळ वाजली तर खाली मसाला भरलेला नाही, बादली आपटली की ती फुटणार. गळती बहुतेक वेळा ट्रॅपच्या भोवतालातून असते, पण त्या भोकावर टीव्हीचा कॅमेरा एकदा तरी वाकलाय का? कॅमेरा गेला मेणबत्तीकडे.

आणि तो घण! हसत हसत भिंत पाडतात. तिथली आतली भिंत म्हणजे लाकडी उभ्या पट्ट्या आणि दोन्हीकडून साधारण अर्ध्या इंचाचा जिप्सम बोर्ड. पोर लाथ मारून भोक पाडेल. ते बघून धुळ्यातला माणूस जुन्या नऊ इंची भिंतीकडे बोट दाखवतो, "हॉल मोठा करा". त्या भिंतीवर स्लॅब बसलेला आहे, बाबा! बीम-कॉलमचं घर असेल आणि मधली भिंत साडेचार इंची असेल तर बोलता येईल, तेही वरच्या मजल्यावर त्याच रेषेत काय आहे ते पाहून. विटांवर उभं असलेलं घर असेल तर आधी इंजिनिअर. भिंतीच्या दोन्ही बाजूंना टेकू, मग बीमची बैठक दोन्हीकडे नीट आत, मग तोड. जुन्या गावठाणातल्या धाब्याच्या घरात तर आणखी जपून. कडीपाटावर मातीचा थर आणि त्याचं ओझं थेट भिंतीवर. तिथे एक खिडकी मोठी करतानाही अंगावर काटा यायला हवा.

पायाबद्दल तर ही मंडळी बोलतच नाहीत. तापीकाठची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते; घर तिच्याबरोबर वर-खाली होतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते. ती चीर पुट्टीने भरून वर डिझायनर वॉलपेपर लावायचा, हा टीव्हीचा उपाय. पुढच्या उन्हाळ्यात कागदासकट फाटते. घराभोवती बाहेर उतार असलेला पक्का पट्टा करा, छताचं आणि मोरीचं पाणी पायापासून लांब न्या, भिंतीला चिकटून मोठी झाडं लावू नका. बांधतानाच पाया काळ्या मातीच्या खाली मुरमापर्यंत नेला असेल तर उत्तमच. पण यात 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो सुंदर निघत नाहीत ना!

नवा गिलावा आणि लगेच पुट्टी-रंग, हेही तिथलंच खूळ. गिलाव्याला महिनाभर द्या. ओल आत असताना रंग मारला की पापुद्रे सुटतात, आणि शिव्या रंगाऱ्याला. खालच्या दोन-तीन फुटांत क्षार फुटत असतील तर त्यावर पीव्हीसी पॅनेल ठोकू नका, ओल पॅनेलच्या वर चढते. सिंकखाली कमर्शियल प्लायही नको. आयएस 710 चा, पाण्यात टिकणारा मरीन प्लाय घ्या. आणि ओपन किचनबद्दल एवढंच, की काळा मसाला भाजायच्या दिवशी हॉलमधल्या सोफ्यावर बसून दाखवा.

गच्चीवरची बाग हा या मालिकांचा सगळ्यात महागडा शौक. ओल्या मातीचा एक फूट थर म्हणजे चौरस मीटरला 500 किलोच्या आसपास. वापरातल्या गच्चीला आपण वरचं ओझं धरतो ते साधारण 150 किलो. हिशेब तुम्हीच करा. शिवाय मुळं कोबा फोडतात आणि पाण्याची पन्हळ पानांनी तुंबते. उन्हाळ्यात बिबडे आणि कुरडया कुठे वाळवणार, हा प्रश्न त्या डिझायनरला पडणारच नाही. गच्चीला हवा असतो 100 ला 1 उताराचा कोबा, पॅरापेटशी, म्हणजे कठड्याशी, गोलाई, आणि वर पांढऱ्या चायना मोझॅकचे तुकडे किंवा विरलेल्या चुन्याचे दोन हात, दर वर्षी उन्हाळ्याआधी. खालच्या खोलीतला फरक पंख्याखाली बसल्या बसल्या कळतो.

पण मालकाला हवी असते पश्चिमेची अख्खी भिंत काचेची, कारण टेक्सासमधल्या घरात ती छान दिसली. तिथे दिवसभर एसी असतो. इथे दुपारी वीज जाते, आणि असली तरी कूलर. कूलर बाहेरची कोरडी हवा ओढतो, म्हणून त्याच्या समोरच्या भिंतीत तेवढीच हवा बाहेर जायला उघडी खिडकी लागते. नाहीतर खोली दमट होते, चादरी चिकटतात आणि गारवा शून्य. फिक्स काचेत ना कूलर बसतो ना हवा जाते. मग मार्चमध्ये फोन येतो. काच काढा, जाळी बसवा, वर छज्जा टाका. काच काढताना फुटते ती फुटतेच, छज्ज्यासाठी नवा गिलावा फोडावा लागतो, आणि या सगळ्याची मजुरी सांगितली की मालक म्हणतो, टीव्हीवर तर एवढी नसते.