"भिंती श्वास घेतात" म्हणणाऱ्यांनी एकदा ग्रॅममध्ये हिशोब करून बघा

एक मेसेज सध्या जिकडेतिकडे फिरतोय, मलाच तिघांनी पाठवला. त्यात म्हटलंय की भिंती श्वास घेतात आणि घरातला दमटपणा आपोआप बाहेर टाकतात, वाफ कायम आतून बाहेरच जाते म्हणून आतल्या बाजूने प्लास्टिकची शीट मारली की ओलीची कटकट संपली, आणि कागदावर दवबिंदू (हवा ज्या तापमानापर्यंत गार झाली की तिच्यातल्या वाफेचं पाणी होतं ते) काढला की पुरे, भिंतीतल्या ओलीचं कॉम्प्युटर मॉडेल वगैरे सगळं फॅड. लोक हे वाचून खरोखर शीटा ठोकतायत, म्हणून लिहायला बसलो.

आधी श्वासाचं बघू. ही समजूत जुनी आहे, १८५८ मध्ये माक्स फॉन पेटनकोफर या जर्मन शास्त्रज्ञाने खोलीतली हवा किती बदलते ते मोजलं आणि त्यातली बरीचशी विटांच्या भिंतीतूनच ये-जा करते असं मानलं, पण नंतरच्या मोजणीत ते टिकलं नाही. आता वाफेचा हिशोब करा. नऊ इंची विटेची भिंत, दोन्हीकडून प्लॅस्टर, तिचा वाफेला होणारा अडथळा साधारण पावणेतीन मीटर जाडीच्या, न हलणाऱ्या हवेच्या थराइतका धरा. आतबाहेर वाफेच्या दाबात ५०० पास्कलचा फरक असला तर एका चौरस मीटरमधून अख्ख्या दिवसात जातात साधारण ३ ग्रॅम! बाहेरच्या भिंती ४० चौरस मीटर असल्या तरी १२० ग्रॅम, म्हणजे अर्धा पेला पाणी. आणि चार माणसांच्या घरात स्वयंपाक, आंघोळी, वाळत घातलेले कपडे, माणसांचा श्वास असं सगळं धरून दिवसाला ५ ते १० लिटर पाणी हवेत जातं. तोच ५०० पास्कलचा फरक ठेवून १५० घनमीटर घरातली हवा दर दोन तासांनी एकदा बदलली तर साडेसहा लिटर बाहेर पडतं. म्हणजे काम खिडकी आणि एक्झॉस्ट फॅन करतात, नाव मात्र भिंतीचं होतं.

एक गोष्ट मात्र मान्य. चुना, माती, लाकूड हे दमट हवेतलं पाणी धरून ठेवतात आणि हवा कोरडी झाली की परत सोडतात, त्यामुळे खोलीतले चढउतार सौम्य होतात. पण सोडतात ते बहुतेक खोलीतच, तिथून पुढे ते हवेबरोबरच बाहेर न्यावं लागतं.

शीटचा सल्ला तर सरळ नुकसान करणारा आहे. वाफ जिकडे दाब कमी तिकडे जाते, आतबाहेर असं तिचं काही ठरलेलं नसतं. बाहेर ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असेल तर दाब साधारण ३५७० पास्कल, आत एसी लावून २४ अंश आणि ५५ टक्के असेल तर १६४० च्या आसपास, म्हणजे वाफ बाहेरून आत येणार. त्या बाहेरच्या हवेचा दवबिंदू २७ अंश, आणि तुमची शीट खोलीच्या बाजूला एसीने गार झालेली. पाणी तिच्या मागेच धरणार, आणि बुरशी दिसेपर्यंत कुणाला पत्ता नाही.

राहिला कागदावरचा दवबिंदू. भिंतीत कुठे पाणी धरेल हे असं कागदावर काढायची ग्लासर नावाची पद्धत १९५० च्या दशकाच्या शेवटी आली आणि ती वाईट नाही, फक्त ती धरते की हवामान स्थिर आहे, भिंत कोरडी आहे आणि पाणी वाफ होऊनच हलतं. खरी उघडी वीट तासभर पाण्याला लागून राहिली तर केशनलिकांमधून चौरस मीटरमागे काही लिटर ओढू शकते, वरच्या ३ ग्रॅमशेजारी हा आकडा ठेवून बघा. पावसाने भिजलेल्या भिंतीवर ऊन पडलं की तेच पाणी वाफ होऊन आत ढकललं जातं, हे महिन्याच्या सरासरीत दिसणारच नाही. त्यासाठीच उष्णता आणि ओल एकत्र, तासातासाने सोडवणारी समीकरणं लागतात, हार्टविग क्युन्झेल या जर्मन संशोधकाने १९९० च्या दशकात प्रबंधात मांडलेलं मॉडेल त्यातलंच, आणि २००७ मध्ये अशा गणितासाठी युरोपात ईएन १५०२६ हे मानकही आलं.

मॉडेलमध्ये चुकीची वीट भरली तर उत्तरही चुकीचंच येतं, खरंय. म्हणून मॉडेलचा निकाल कुणी दाखवला तर तीन गोष्टी विचारा: भिंत सुरुवातीला किती ओली धरली, पाऊस धरला का, आणि फटींमधून शिरणारी हवा धरली का. फट बारीक असली तरी तिच्यातून हवेबरोबर जाणारं पाणी अख्ख्या भिंतीतून झिरपणाऱ्या वाफेपेक्षा जास्त भरू शकतं.